तहान लागण्याआधीची विहीर

(द्वितीय वर्ष, कला)

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपल्याकडे म्हणतात. वैद्यकीय संशोधनाला सरकारने अनुदान का द्यावे, याचे उत्तर मला या म्हणीत सापडते. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी. सूक्ष्मदर्शकातून काय दिसते हे मला सांगता येणार नाही; पण तो कोणाच्या पैशाने येतो, हा प्रश्न आमच्या विषयात बसतो.

उदाहरण पुण्याचे घेऊ. १९११ साली स्थापन झालेल्या इंडियन रिसर्च फंड असोसिएशनचे रूपांतर १९४९ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेत झाले. या परिषदेने रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र काढले. डास, गोचीड यांच्यामार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा अभ्यास हे त्याचे मुख्य काम. पाचच वर्षांनी, १९५७ मध्ये, तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसेही तापाने आजारी पडू लागली. प्रथम पीतज्वराची शंका आली. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी विषाणू शोधून काढला, तो नवाच निघाला, गोचिडीमार्फत पसरणारा. प्रयोगशाळा आधीच उभी होती म्हणून हे साधले.

हे काम खाजगी भांडवलावर का सोडू नये? ज्या रोगाचा रोगी अजून दिसलेलाच नाही, त्यासाठी नफा पाहणारा मनुष्य पैसा कशाला गुंतवील? साथ वेळीच ओळखली गेली, तर लाभ सर्वांनाच होतो. त्याची किंमत एकेकाकडून वसूल करता येत नाही. अशा गोष्टींचा भार सरकारलाच उचलावा लागतो.

अनुदानाचे दोन भाग असतात. इमारत व यंत्रे यांसाठी मिळते ते अनावर्ती. पगार, वीज, रसायने, देखभाल यांसाठी दरवर्षी लागते ते आवर्ती. पुण्याचे ते केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. तेथे २०१३ मध्ये जैवसुरक्षेच्या चौथ्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीची प्रयोगशाळा सुरू झाली. तेथे आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात, बाहेर जाणारी हवा गाळून सोडतात. ही व्यवस्था अखंड चालावी लागते. ती बंद पडली, तर कोट्यवधींची इमारत असूनही काम थांबते. उद्घाटनाचा फोटो अनावर्ती खर्चाचा निघतो; प्रयोगशाळा जिवंत राहते ती आवर्ती खर्चावर.

या गोष्टीचे महत्त्व मला २०२० मध्ये कळले. तेव्हा मी शाळेत होते. आजोबांच्या घशातील स्रावाचा नमुना तपासणीसाठी दुसऱ्या जिल्ह्यात गेला आणि अहवाल यायला चार दिवस लागले. ते चार दिवस आजोबा गोठ्यातल्या खाटेवर एकटे झोपले. अहवाल निर्दोष आला. पण जवळ प्रयोगशाळा नसणे म्हणजे काय, ते घरात सर्वांना उमगले. त्या वर्षी जानेवारीत देशात ही तपासणी प्रथम पुण्याच्या संस्थेतच होत होती. जूनअखेर सरकारी व खाजगी मिळून हजारावर प्रयोगशाळा झाल्या. यात वैद्यकीय महाविद्यालयांतील विषाणू प्रयोगशाळांचे जे जाळे केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाने आधीच विणायला घेतले होते, ते उपयोगी पडले.

कोणी म्हणेल, गावच्या दवाखान्यात औषध नाही आणि संशोधनावर कोटी कोटी कशाला? हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. तो आमच्या ओसरीवरही निघतो. परंतु रोग कोणता, हेच ठाऊक नसेल तर दवाखान्याने औषध तरी कशावर द्यावे? दवाखाना आणि प्रयोगशाळा ही एकाच बैलगाडीची दोन चाके आहेत.

म्हणून अनुदानाची बातमी वाचताना नुसते कोटींचे आकडे पाहू नयेत. त्यात आवर्ती किती, हेही विचारावे. विहीर खणली म्हणजे काम संपत नाही, दर उन्हाळ्यात गाळही काढावा लागतो. हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. अंदाजपत्रक करणाऱ्यांना मात्र आठवण द्यावी लागते.