तुर्कमेनिस्तानात जायचे असेल तर

मर्वचे प्राचीन अवशेष, संगमरवरी अश्गाबात आणि काराकुम वाळवंटात दशकानुदशके जळणारे दरवाझा येथील वायुविवर पाहायची इच्छा असेल, तर तयारी काही महिने आधी सुरू करा. या देशात पर्यटकाला मनाप्रमाणे फिरता येत नाही.

जवळ ठेवा : किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट, त्याची रंगीत प्रत, फोटो, नोकरी-व्यवसायाचा पुरावा, दिवसवार कार्यक्रम, डॉलरच्या नव्या, न फाटलेल्या नोटा.

१. सत्ता कोणाची, ते समजून घ्या. १९९१च्या स्वातंत्र्यापासून २००६मध्ये मृत्यू होईपर्यंत सपरमुरात नियाझोव यांची एकहाती राजवट होती. त्यांनी महिन्यांची नावेसुद्धा बदलून एकाला स्वतःचे, एकाला आईचे नाव दिले होते. नंतर गुरबांगुली बेर्दिमुहामेदोव आले. २०२२मध्ये त्यांचा मुलगा सेरदार अध्यक्ष झाला. २०२३मध्ये ‘हल्क मस्लाहाती’ (लोकपरिषद) ही सत्तेची सर्वोच्च संस्था ठरली आणि तिचे अध्यक्षपद वडिलांकडे गेले. देशात स्वतंत्र वृत्तपत्र नाही, खरा विरोधी पक्षही नाही.

२. परवानाधारक स्थानिक एजन्सी गाठा. गाइड, गाडी, हॉटेल यांची सोय तीच करते. पर्यटक व्हिसावर गाइड सोबत असावा लागतो.

३. निमंत्रणपत्र मागवा. एजन्सी तुमची कागदपत्रे सरकारी स्थलांतर सेवेकडे पाठवते. उत्तराला काही आठवडे लागतात आणि नकाराचे कारण सांगितले जात नाही. म्हणून परतावा न मिळणारे विमान तिकीट आधी काढू नका. पत्रकार किंवा मानवी हक्क कार्यकर्त्यांना नकार मिळण्याची शक्यता जास्त असते. तरीही अर्जात खोटे लिहू नका. २०२५मध्ये ई-व्हिसाची तरतूद कायद्यात झाली आहे, त्यामुळे चालू पद्धत दिल्लीतील तुर्कमेन दूतावासाकडून पक्की करून घ्या.

४. सीमेवर सगळे जाहीर करा. व्हिसाचे शुल्क रोख डॉलरमध्ये तयार ठेवा. जवळची रक्कम आणि औषधे लपवू नका. तीव्र वेदनाशामके किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर त्या चालतील का, हे निघण्यापूर्वीच एजन्सीला विचारा. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या. प्रवेशाच्या वेळी मिळालेला प्रत्येक कागद परत निघेपर्यंत जपा.

५. नोंदणी करा. मुक्काम तीन कामकाजी दिवसांहून अधिक असेल तर स्थलांतर सेवेकडे नोंद लागते. सीमावर्ती भागांसाठी वेगळी परवानगी असते, त्यामुळे मार्ग ऐनवेळी बदलू नका.

६. पैसे अधिकृत ठिकाणीच बदला. सरकारी दर डॉलरला ३.५ मनात (तुर्कमेन चलन) आहे. काळ्या बाजारात कितीतरी जास्त मिळतात, पण तो व्यवहार बेकायदा आहे.

७. फोन आणि कॅमेरा सांभाळून वापरा. बहुतेक समाजमाध्यमे बंद असतात आणि व्हीपीएनवरही कारवाई होते. अध्यक्षीय राजवाडा, पोलिस, सैनिक, विमानतळ यांचे फोटो काढू नका. गाइडला राजकारणावर बोलते करू नका.

८. निघताना गालिचा घेतला असेल तर निर्यातीचे प्रमाणपत्र घ्यायला विसरू नका.

तुम्हाला आत घेणारी ही स्थलांतर सेवाच देशवासीयांना बाहेर जाण्यापासून अडवते. प्रवासाला निघालेल्या नागरिकांना विमानातून उतरवल्याच्या तक्रारी मानवी हक्क संघटनांनी वर्षानुवर्षे मांडल्या आहेत. नियम मोडलात तर बहुधा तुम्हाला परत पाठवतील, पण चौकशी आणि उपजीविका गमावण्याची टांगती तलवार मागे राहिलेल्या गाइडवर असेल. म्हणून हे नियम त्याच्यासाठी पाळा. परतल्यावर जे पाहिले ते मोकळेपणाने लिहा, सांगा. मात्र तुमच्याशी मनापासून बोललेल्या एकाही माणसाचे नाव किंवा छायाचित्र त्यात येऊ देऊ नका.