उपासाला चालतो तो चहा

आमच्याकडे उपासाला चहा चालतो. त्यामुळे सोनोग्राफीच्या केंद्रातून ‘सकाळी उपाशी या’ असा फोन आला, तरी मी सातला नेहमीचा साईसकट चहा घेतला आणि साडेआठला जाऊन बसलो. जेवणानंतर पोट फुगायचं, म्हणून तपासणी होती. टेबलावर आडवा झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, “काही खाल्लंय का?” मी ठामपणे “नाही” म्हटलं. खाल्लं नव्हतंच, प्यायलो होतो!

रिपोर्टात आलं : ‘गॉल ब्लॅडर कॉन्ट्रॅक्टेड’, म्हणजे पित्ताशय आकसलेलं. रात्री मोबाइलवर तो शब्द शोधला आणि जुनाट सुजेपासून कर्करोगापर्यंत सगळं वाचून काढलं. चार रात्री झोप नाही. अखेर आमच्या फॅमिली डॉक्टरांनी एकच प्रश्न केला, “चहा घेतला होतात?” दुधातली चरबी पोटात गेली की पित्ताशय आकसून पित्त आतड्यात सोडतं. रिकाम्या पिशवीत खडा आहे की नाही, ते नीट दिसत नाही.

पुन्हा पैसे भरले, या वेळी खरोखर उपाशी. डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. काळी, नाशपतीच्या आकाराची पिशवी म्हणजे पित्ताशय. पातळ पित्तातून ध्वनिलहरी सरळ पार जातात, परत काही येत नाही, म्हणून काळं. तळाशी एक पांढरा ठिपका आणि त्यामागे काळा पट्टा. “खडा लहरी अडवतो, ही त्याची सावली. आता डाव्या कुशीवर वळा.” वळलो, तर ठिपका घरंगळला. तो भिंतीला चिकटून राहिला असता आणि सावलीही नसती, तर पॉलिपचा, म्हणजे भिंतीवरच्या वाढीचा, विचार करावा लागला असता, असं ते म्हणाले.

तेव्हापासून रिपोर्टातल्या शब्दांची भीती गेली. ‘हायपरएकोइक’ म्हणजे आजूबाजूपेक्षा उजळ, ‘हायपोएकोइक’ म्हणजे काळपट, ‘अनएकोइक’ म्हणजे पूर्ण काळं, बहुधा पाणी. ही दिसण्याची वर्णनं आहेत, रोगांची नावं नव्हेत. ‘बॉवेल गॅसमुळे दिसलं नाही’ याचा अर्थ एवढाच, की आतड्यातल्या हवेपलीकडचं दिसत नाही. पोटावर थंडगार जेल चोपडतात तेही त्वचा आणि तिच्यावर फिरवतात तो प्रोब यांच्यामध्ये हवा राहू नये म्हणून. रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लरमधला लाल-निळा रंगही शुद्ध-अशुद्ध रक्ताचा नसतो. सहसा प्रोबकडे येणारा प्रवाह लाल, दूर जाणारा निळा. पोटासाठी साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झच्या लहरी वापरतात, त्या खोल जातात. थायरॉइडसारख्या त्वचेलगतच्या अवयवाला त्याहून जास्त, कारण त्यांचं चित्र बारीक येतं.

पोटाच्या वरच्या भागाची तपासणी असेल तर सहा ते आठ तास काही खाऊ नका. साधं पाणी चालतं का, ते विचारा. ओटीपोटाची असेल तर बहुतेक वेळा उलट, भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून जावं लागतं, कारण भरलेल्या मूत्राशयातून मागचं स्वच्छ दिसतं. मधुमेह असेल तर गोळ्यांचं आणि इन्सुलिनचं आधीच विचारून घ्या. जुने रिपोर्ट बरोबर न्या, आणि नवा रिपोर्ट मोबाइलला न दाखवता डॉक्टरांना दाखवा.

आणि सवयीनं चहा घेतलाच असेल, तर टेबलावर झोपण्याआधी सांगून टाका. फार तर ‘उद्या या’ म्हणतील.