जेवणाच्या ताटावरची लढाई



मध्यंतरी घरभेटींना निघालो असता एका घरातील चार वर्षांचा मुलगा आम्हाला पाहताच आजीच्या पाठीमागे लपला. चौकशी केली तेव्हा कळले, की "जेव, नाहीतर फादरांना बोलावते" हा रोज रात्रीचा धाक! आम्हाला हसू आले. पण त्याच्या डोळ्यांतील भीती खरी होती. ताटात भात, डाळ आणि बोंबलाचे कालवण होते. तो फक्त कोरडा भात चिवडत होता. आई मात्र रडकुंडीला आली होती.

तिला जे सांगितले तेच येथे लिहीत आहोत. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्माच्या वेळेपेक्षा सुमारे तिप्पट होते. पुढे वाढ मंदावते, दोन ते पाच वर्षांच्या वयात वर्षाला साधारण २ किलोच. साहजिकच भूकही मंदावते. त्यातच या वयात अनोळखी पदार्थाला नकार देणे बहुतेक मुलांत दिसते. त्यात आईचा काही दोष नसतो.

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी कामाची वाटणी सुचवली आहे. काय, केव्हा व कुठे वाढायचे हे पालकांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. ऐकायला सोपे, पाळायला महाकठीण! कारण रिकामे ताट म्हणजेच आईचे यश, असे आपण (आजी तर नक्कीच) मानत आलो आहोत.

मग मुलासाठी वेगळा स्वयंपाक करावा काय? सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यांच्या ३९ व्या प्रकरणात जेवणाला दोन शिजवलेले पदार्थ असावेत असे म्हटले आहे. एक ज्याला चालत नाही त्याने दुसरा घ्यावा. प्रौढ संन्याशांना ही सवलत, तर चार वर्षांच्या पोराला का नसावी? मात्र पदार्थ दोनच, आणि दोन्ही सर्वांसाठी. ऐनवेळी नूडल्स शिजवणे त्यात बसत नाही.

नको असलेला पदार्थ चमचाभरच वाढावा, आग्रह करू नये. आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर आल्यावर मूल तो चाखते. "भाजी संपव, मग चॉकलेट" या सौद्याने चॉकलेटचाच भाव वाढतो. जेवणाआधी दूध-बिस्किटे नकोत. मोबाईल तर मोठ्यांनीही बाजूला ठेवावा. आमच्या पंगतीतही तो वाजतो, हे कबूल करतो. मुलाचे वजन घटत असेल किंवा घास गिळताना त्याला ठसका लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

तो मुलगा अजून बोंबील खात नाही. परवा मिस्सानंतर मात्र त्याने आपणहून येऊन आम्हाला तसे सांगितले. तेव्हा एक विनंती: धाक दाखवायला दुसरे कोणी शोधा, किंवा कोणीच नको.