धम्मपाठ : वृद्ध कार्यकर्त्याचा सन्मान कसा करावा?

उपासक-उपासिकांनो,

मरोळमधील आपल्या वस्तीत एकदा नीट पाहा. सारे आयुष्य समाजकार्यात घालवलेला एखादा वृद्ध कार्यकर्ता किंवा कार्यकर्ती तुम्हांला भेटेल. विहारासाठी दारोदार फिरून वर्गणी जमवली ती यांनी. कोणाच्या घरी मयत झाली तर रात्री-अपरात्री धावले ते हेच. रेशनकार्डाचे अर्ज लिहून दिले, मुलांना कंदिलाच्या उजेडात शिकवले, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्यांना पाणी दिले. पगार नाही, पद नाही. उलट पदरचे पैसे गेले. आता गुडघे थकले आहेत, डोळ्यांना कमी दिसते.

अशा माणसाचा सत्कार करावा असे सर्वांनाच वाटते. परंतु नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांपुढे प्रश्न उभा राहतो : ओवाळणे नको, पाद्यपूजा नको, मग सन्मान करायचा तरी कसा? आजच्या पाठात याचाच विचार करू.

१. वडीलधाऱ्यांचा आदर का करावा?

तित्तिर जातकाची कथा घरातील मुलांना जरूर सांगा. एका वडाजवळ हत्ती, माकड आणि तित्तिर पक्षी राहत असत. आपल्यात वडील कोण, हे ठरवायचे होते. हत्ती म्हणाला, मी लहान असताना या झाडाचा शेंडा माझ्या पोटाला लागत असे. माकड म्हणाले, मी जमिनीवर बसून याचे कोंब खाल्ले आहेत. तित्तिर म्हणाला, मी खाल्लेल्या फळाच्या बीपासूनच हे झाड उगवले. तेव्हापासून इतर दोघे त्याला मान देऊ लागले.

ही कथा भगवंतांनी का सांगितली? पुढे धावलेल्या भिक्खूंनी मुक्कामाच्या सर्व जागा अडवल्या आणि स्थविर सारिपुत्तांना रात्र झाडाखाली काढावी लागली, म्हणून. येथे मान जातीला नाही, शक्तीला नाही. ज्या विहाराच्या सावलीत आपण आज बसतो, त्याचे बी कोणी टाकले, हे ओळखणे म्हणजे आदर.

२. आदर आणि भक्ती यांतील सीमा

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना परमपूज्य बाबासाहेबांनी हा भेद स्पष्ट केला. ज्यांनी जन्मभर देशाची सेवा केली त्यांच्याविषयी कृतज्ञ राहण्यात काही गैर नाही; पण कृतज्ञतेलाही मर्यादा आहे, असे त्यांनी बजावले. राजकारणातील भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, हा त्यांचा इशारा होता. देशाला जे लागू, ते वस्तीलाही लागू. वृद्ध कार्यकर्त्याच्या पाया पडून त्याला देव्हाऱ्यात बसवू नका. त्याचे एखादे मत पटले नाही तर नम्रपणे सांगा. ज्याने आपल्याला ताठ मानेने उभे राहायला शिकवले, त्याच्यापुढेच मान गहाण टाकणे हा त्याचा अपमान होय.

३. काम लिहून ठेवा

मरोळजवळच कोंडिविट्याची बौद्ध लेणी आहेत. लोक त्यांना महाकाली लेणी म्हणतात. तेथील चैत्यगृहात एक दानलेख आहे. दाता कोण, कोठला आणि त्याने विहार दान दिला, एवढीच ती नोंद. शतके लोटली तरी ते दान विस्मरणात गेले नाही, कारण कोणीतरी ते दगडावर कोरले.

आपल्या काळातही असे उदाहरण आहे. बाबासाहेबांच्या चळवळीत राबलेल्या स्त्रियांना ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी शोधून काढले, त्यांच्या आठवणी ऐकल्या आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. यांतील कित्येकींची नावे इतरत्र कोठेही नोंदलेली नव्हती. तुम्ही ग्रंथ लिहावा असे नाही. शंभर पानी वही घ्या, आजोबांच्या किंवा आजींच्या शेजारी बसा, विचारा आणि लिहा. शाल एका दिवाळीत विरते; वही नातवंडे वाचतील.

४. शुश्रूषा

विनयपिटकातील एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. कोणी त्याच्याकडे पाहीना. का? तो इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता, म्हणून. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले. जो माझी सेवा करू इच्छितो त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असे त्यांनी संघाला सांगितले.

आता स्वतःला विचारा. सत्काराच्या रात्री हार घालणारे हात दुसऱ्या दिवशी कोठे असतात? इस्पितळाच्या रांगेत त्यांच्याबरोबर कोण उभे राहते? औषध संपले हे कोणाला ठाऊक असते? ज्याने शंभर घरांच्या दुःखात धाव घेतली, त्याच्या दारात आठवड्यातून एक तरुण जाऊ नये काय?

५. श्रेष्ठ पूजा कोणती?

कुसिनारा येथे शालवृक्षांच्या जोडीखाली तथागत अखेरचे पहुडले होते. अकाली बहरलेली फुले त्यांच्या अंगावर पडत होती. तेव्हा त्यांनी सांगितले की, खरी पूजा फुलांनी होत नाही. जो धम्माप्रमाणे वागतो तोच तथागताची श्रेष्ठ पूजा करतो.

हेच माप आपल्या सत्काराला लावा. वृद्ध कार्यकर्त्याला पुष्प द्या, दोन शब्द बोला, पण त्याच सभेत कोणीतरी उठून म्हणावे, “बाबा, रविवारचा मुलांचा वर्ग आता मी घेईन.” विहाराची किल्ली थरथरत्या हातातून तरुण हातात जाते, तोच खरा सत्कार.

घरी चर्चेसाठी प्रश्न :
१. आपल्या वस्तीत ‘बी टाकणारे’ कोण?
२. आदर कोठे संपतो आणि भक्ती कोठे सुरू होते?
३. त्यांचे कोणते एक काम या महिन्यापासून आपले कुटुंब हाती घेईल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तोंडी देऊ नका, करून दाखवा.

जय भीम!