चिंचेच्या झाडाचा धडा

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुरात हैदराबादेतील हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्याच दिवशी अफझलगंजातील एका जुन्या चिंचेवर चढून सुमारे १५० जीव वाचले.

पुढे विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने शहराच्या वरच्या अंगास पाणी अडवून उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे तलाव बांधले गेले. पुरास आळा बसला, पिण्याचे पाणीही मिळाले. परंतु तलाव केवळ भिंतीने भरत नाही. भोवतालची माळराने, ओढे व झाडी त्यास पाणी पुरवितात. म्हणून १९९६ च्या सरकारी आदेशाने तलावांभोवती १० किलोमीटरपर्यंत प्रदूषण करणारे कारखाने व वसाहती यांना मनाई झाली. २०२२ साली ती उठविण्याचा आदेश निघाला.

वाचकहो, प्लॉट घेताना आपण रस्ता, नळ, वीज यांची चौकशी करतो; येथे पूर्वी ओढा होता काय, येथील बगळे-बेडूक कोठे जातील, हे विचारीत नाही. लेव्यांच्या नगरांभोवती गुरांसाठी शिवार राखलेले आपण वाचतो (गणना ३५). आम्हांस वाटते, नगररचनेत पाण्याची व झाडांची जागा आधी राखावी, घरांची मागाहून आखावी.

विचारासाठी प्रश्न : आपल्या गावचा ओढा आज कोणाच्या घराखाली आहे?