वखारीची घरकुले

इंग्लंडमध्ये बायबरी या गावी, कोल्न नदीजवळ, दगडी घरांची एक जुनी रांग आहे. तिचे नाव आर्लिंग्टन रो. सुमारे १३८० साली मठाची लोकर साठविण्याकरिता ही लांबट वखार बांधण्यात आली. सतराव्या शतकात तिची विभागणी करून विणकरांसाठी लहान लहान घरे काढण्यात आली. विणलेले कापड ते समोरच्या कुरणात लाकडी चौकटींवर वाळत घालीत. पुढे त्यांचा धंदा बसला, तरी घरे ओस पडली नाहीत. १९२९ साली रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सच्या खटपटीने ती सुरक्षित झाली. आज नॅशनल ट्रस्ट ही संस्था त्यांचे जतन करते. आजही तेथे माणसे राहतात. वास्तूला दगड उभे करतो. परंतु तिला टिकविते ती माणसांची वस्ती.