एका वेळी सगळं बदलू नका

दहा ते चौदा वर्षांची मुलं ‘मला ताण आलाय’ असं सांगत माझ्याकडे येत नाहीत. ती पोटदुखी घेऊन येतात, डोकेदुखी घेऊन येतात, शाळेत प्रार्थनेच्या वेळी चक्कर आली म्हणून येतात. आईच्या हातात जाडजूड फाइल असते. सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी झाली, जंतांचं औषध देऊन झालं, चष्म्याचा नंबरही बघून झाला. सगळं नॉर्मल. ‘नॉर्मल आहे तर मग दुखतं कशानं?’ हा आईचा प्रश्न रास्त आहे. ‘शाळा बुडवायला नाटकं करते’ हे बाबांचं उत्तर मात्र बहुतेक वेळा चुकीचं असतं. दुखणं खरंच असतं. मेंदू आणि आतडी यांच्यात मज्जातंतूंमार्फत सतत देवाणघेवाण चालू असते, आणि ताणाच्या काळात आतड्यांची नेहमीची हालचालसुद्धा कळ म्हणून जाणवू लागते.

अशा वेळी मी घरच्यांना एकच काम सांगते. गेल्या वर्षभरात घरात आणि शाळेत काय काय बदललं ते एका कागदावर लिहून काढा. छोटं-मोठं तुम्ही ठरवू नका, सगळं लिहा. सुरुवातीला ‘तसं विशेष काही नाही, डॉक्टर’ असं येतं. मग हळूहळू निघतं. बाबांची नोकरी सुटली. भाडं परवडेना म्हणून घर बदललं, घर लांब पडलं म्हणून शाळा बदलली. मधेच आजी गेली, आणि मुलगी रोज तिच्याच कुशीत झोपायची. त्याच वर्षी पाळी सुरू झाली. मोठ्यांनी यातली प्रत्येक गोष्ट वेगवेगळी सोसलेली असते, म्हणून त्यांना ती सुटी सुटी दिसते. मुलीच्या वाट्याला मात्र ती सगळी एकत्र आलेली असते.

आयुष्यातल्या घटना मोजण्याची ही कल्पना जुनी आहे. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी 1967 मध्ये 43 घटनांची एक यादी केली आणि प्रत्येकीला गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला 100, घटस्फोटाला 73. त्या यादीत लग्नही होतं, 50 गुणांचं, कारण आनंदाचा बदल झाला तरी माणसाला घडी नव्यानं बसवावी लागतेच. पुढे 1972 मध्ये कॉडिंग्टन यांनी मुलांसाठी अशी यादी तयार केली. मला स्वतःला गुणांच्या बेरजेत फारसा रस नाही. दोन मुलांना एकच घटना सारखीच लागते असं कधी होत नाही. पण ‘बेरीज होते’ हा त्यातला मुद्दा पक्का आहे. इंग्लंडमधले बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून 1979 मध्ये हेच मांडलं. आईवडिलांची तीव्र भांडणं, आईचा मानसिक आजार, घरातली दाटीवाटी अशांपैकी एकच प्रतिकूल गोष्ट वाट्याला आलेल्या मुलांत मानसिक त्रासाचं प्रमाण इतर मुलांपेक्षा फारसं वाढलेलं नव्हतं. दोन एकत्र आल्या की ते चौपट होत होतं.

आणि वयात येण्याच्या काळाबद्दल नेमकं बोलायचं तर अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातलं रॉबर्टा सिमन्स यांचं काम बघावं. 1987 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात पाच बदल धरले होते: शाळा बदलणं, शरीर वयात येणं, मुलगा-मुलगी म्हणून एकमेकांत रस सुरू होणं, घर बदलणं, कुटुंबात फाटाफूट होणं. जितके बदल एकाच सुमारास आले तितके मुलांचे मार्क खाली गेले, खेळ-उपक्रमांतला सहभाग घटला, आणि मुलींच्या बाबतीत स्वतःबद्दलचं मतही ढासळलं. यावरून त्यांनी एक फार कामाची गोष्ट सांगितली: एखाद्या बाजूनं बदल होत असेल तर दुसरी एखादी बाजू मुलासाठी स्थिर, ओळखीची राहायला हवी. आयुष्याच्या एका तरी कोपऱ्यात त्याला निर्धास्त बसता आलं पाहिजे. आजच्या लेखात मला सांगायचंय ते मुख्यतः एवढंच.

याच वयात हे इतकं का लागतं? मुलींचं शरीर साधारण 8 ते 13 आणि मुलांचं 9 ते 14 या वयात बदलायला लागतं. त्याच काळात मेंदूतला भावना पेटवणारा भाग जोरात असतो आणि त्यांना आवर घालणारा, कपाळामागचा भाग पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. ताण आला की कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढतं. परीक्षेच्या सकाळी थोडा वेळ वाढलं तर त्यानं फायदाच होतो. महिनोन् महिने वाढलेलं राहिलं तर झोप, भूक आणि आठवण तिन्ही बिघडतात. त्यात या वयात झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, मुलाला लवकर झोप येत नाही, शाळा मात्र सातला भरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 10 ते 19 वयाच्या दर सात जणांत एकाला काही ना काही मानसिक आजार असतो. म्हणून ‘लहान आहे, विसरेल’ हे वाक्य मी कुणाच्या तोंडून ऐकलं की थोडी चिडते.

आपल्याकडे बदलांचे हे गठ्ठे कसे बांधले जातात ते बघा. जिल्हा परिषदेची शाळा चौथीला किंवा सातवीला संपते. मग हायस्कूल दुसऱ्या गावात, एसटीनं किंवा सायकलनं जायचं, एका गुरुजींच्या जागी विषयागणिक वेगळे सर. नेमक्या त्याच सुमाराला मुलीला पाळी येते, मुलाचा आवाज फुटतो. बीडकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मूल सोबत गेलं तर शाळा आणि मित्र सुटतात, मागे राहिलं तर आईबाप. हंगामी वसतिगृहं काढली ती मुलाला निदान शाळा तरी तीच राहावी म्हणून. भूकंप, महापूर, दरड यांच्यानंतर तंबूत का होईना पण शाळा लवकर भरवा असा आग्रह धरतात, त्यामागेही हाच विचार आहे. रोज ठरावीक वेळी त्याच बाई आणि तीच हजेरी, हा त्या दिवसांतला उपचारच असतो.

घरात मृत्यू झाला की तर आपण बदलांची अक्षरशः रांग लावतो. वडील जातात. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं, चौदाव्या दिवशी रिकामं. महिन्याभरात मामा सगळ्यांना आपल्या गावी नेतात, शाळा बदलते, कधी माध्यमही बदलतं. मामांचा हेतू चांगलाच असतो आणि पुष्कळदा पैशापुढे इलाज नसतो, हे मला कळतं. तरी माझं सांगणं असं की थांबवता येण्यासारखं असेल ते वर्ष संपेपर्यंत थांबवा. नाहीच थांबवता आलं तर मुलालाच विचारा, ‘यातलं काय तसंच राहावं असं वाटतं?’ उत्तरं साधी असतात. जुन्या मित्राला रविवारी फोन, कबड्डीचा सराव, स्वतःची उशी, भिंतीवरचं बाबांच्या हातचं कॅलेंडर. एवढं सांभाळणं बहुतेकांना जमतं.

मुलाला शेजारी पाठवून अंत्यविधी उरकण्याची पद्धतही मला पटत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला मृत्यू म्हणजे परत न येणं हे समजतं. काय होणार, काय दिसणार ते आधी सांगा आणि थांबायचं की नाही हे त्याला ठरवू द्या. ‘बाबा गावाला गेलेत’ असं सांगितलेली मुलं आठवड्यात शाळेतल्या कुणाकडून तरी खरं ऐकतात, आणि मग घरच्यांच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाहीत. दुसरं एक वाक्य कृपा करून वापरू नका: ‘आता तूच घरातला कर्ता पुरुष.’ बारा वर्षांचं पोर ते खरं मानतं. रडायचं थांबतं, रात्री दाराची कडी तपासत हिंडतं, आणि सगळे म्हणतात किती समजूतदार झाला! हा समजूतदारपणा मला रडण्यापेक्षा काळजीचा वाटतो. मुलींच्या बाबतीत असं कुणी बोलून दाखवत नाही. स्वयंपाक आणि धाकटी भावंडं आपोआप तिच्याकडे येतात. घरकामात हातभार लावण्यानं मुलांचं काही बिघडत नाही, उलट आपण उपयोगी आहोत असं वाटतं. पण शाळा सुटेल इतकं काम, किंवा आईनं रोज रात्री आपलं सगळं दुःख मुलीजवळ ओकणं, हे ओझं तिचं नाही. त्यासाठी आईला स्वतःची बहीण, मैत्रीण किंवा समुपदेशक हवी.

मोठ्या घटनेनं मूल कोलमडतं, ते बरेचदा त्या घटनेतून फुटलेल्या रोजच्या किरकिरींमुळे. घटस्फोट एकदाच होतो. ‘जा, तुझ्या बाबांना सांग फी भरायला’ हा निरोप मात्र दर महिन्याला पोचवावा लागतो. या वयाची मुलं बोलून दाखवत नाहीत, पण आईबाबांचं भांडण आपल्यामुळे, आपल्या मार्कांमुळे, आपल्या फीमुळे असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. ते आमचं आहे, तुझ्यामुळे नाही, हे तोंडानं सांगावं लागतं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. पैशाची ओढाताण असेल तर तीही आकड्यांत न शिरता सांगा: या दिवाळीला कपडे नाहीत, शाळा मात्र चालू राहील. न सांगितलेल्या गोष्टी मूल स्वतःच भरून काढतं, आणि त्याची कल्पना वस्तुस्थितीहून भयंकर असते.

सर्वांत जास्त नुकसान करणारी गोष्ट मात्र आपण काळजीपोटी करतो. घरातल्या घडामोडींनी मूल हललेलं असतं, मार्क घसरतात. मग काय बंद होतं? खेळ, चित्रकलेचा क्लास, गणपतीच्या ढोल पथकातला सराव. म्हणजे ज्या एका जागी त्याला अजून बरं वाटत होतं तीच आपण काढून घेतो आणि त्या वेळात जादा ट्यूशन लावतो. शिष्यवृत्ती परीक्षेसाठी हे करणारे पालक दर वर्षी भेटतात. मार्क नंतर भरून काढता येतात. मैदान तेवढं राहू द्या. (आणि सगळ्याचं खापर मोबाइलवर फोडणाऱ्यांसाठी: रात्री फोन खोलीबाहेर ठेवा, हे बरोबरच, पण मूल फोनमध्ये कशापासून लपतंय तेही एकदा बघा.)

बोलायचं कसं? समोर बसवून ‘काय झालं, बोल’ म्हटलं की ‘काही नाही’ हेच ऐकायला मिळतं. शेंगा सोलताना, स्कूटरवर मागे बसलेलं असताना, डोळ्याला डोळा नसतो तेव्हा मुलं बोलतात. बोलली की लगेच उपाय सांगू नका, स्वतःच्या लहानपणाचे हाल तर अजिबात सांगू नका. हे ऐकणारं माणूस आईबाबाच असलं पाहिजे असंही नाही. हवाई बेटांपैकी काउआई इथे 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, कलह, व्यसन, आजारपण अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं तरीही धडधाकट, कर्ती माणसं झाली. त्यांच्यात आढळलेल्या समान गोष्टींपैकी एक म्हणजे भरवशाचं निदान एक मोठं माणूस: कुणाची आजी, कुणाची शिक्षिका, कुणाची मावशी. तुमच्या मुलाचं असं माणूस कोण आहे ते हेरा आणि मत्सर न करता त्यांना भेटू द्या.

आता दवाखान्यात कधी यायचं. मोठ्या घटनेनंतर काही आठवडे झोप, भूक, अभ्यास डळमळणं स्वाभाविक आहे, आणि पहिल्या दिवाळीला किंवा वर्षश्राद्धाला ते पुन्हा उफाळूही शकतं. पण उदासी किंवा चिडचिड दोन आठवड्यांहून जास्त रोज राहिली, मित्र तुटले, आवडीचं काही आवडेनासं झालं तर या. या वयातलं नैराश्य, विशेषतः मुलग्यांमध्ये, रडण्यापेक्षा रागातून दिसतं. वजन घटणं, ताप, वारंवार उलट्या, शौचातून रक्त, उंची वाढायची थांबणं किंवा दुखण्यानं रात्री झोपेतून जाग येणं यांपैकी काही असेल तर त्याला ताण समजू नका, आधी शरीराची नीट तपासणी हवी.

‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं मूल बोललं, लिहिलं किंवा त्यानं स्वतःला इजा केली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मुलाला मोकळं व्हायला वाट मिळते. घरातली औषधं आणि शेतीची कीटकनाशकं कुलपात ठेवा, मुलाला एकटं सोडू नका. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास असते, मराठीत बोलता येतं. 1098 हा मुलांसाठीचा मदतक्रमांक मूल स्वतःही लावू शकतं. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी समुपदेशनाची सोय असते, तिथे पैसे लागत नाहीत.

उपचार म्हणजे टॉनिक नव्हे, आणि बहुतेकांना गोळ्याही लागत नाहीत. समुपदेशन, झोपेची घडी आणि घरातली वागणूक यांवर बरंच काम होतं. शाळेची रजा मात्र लांबवू नका. घरी राहून बरं वाटल्यावर पाठवू असं म्हणता म्हणता महिना जातो आणि दार ओलांडणं दिवसेंदिवस अवघड होतं. वर्गशिक्षकांना आधी भेटा, वर्षभरात काय घडलं ते थोडक्यात सांगा, त्यांनी वर्गासमोर त्याचा उल्लेख करू नये असंही सांगा. पहिले काही दिवस दोनच तास, आवडत्या विषयाच्या तासाला, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. पोट दुखलं तर कुठे जाऊन दहा मिनिटं बसायचं ती जागा बाईंशी बोलून आधीच ठरवून ठेवा.